भारविभागणी वर्गीकरण : एक चिकित्सा

पाठकण्याच्या अस्थिभंगात मागील बाजूने बसविलेले स्क्रू का मोडतात, या प्रश्नातून मॅककॉरमॅक, काराइकोव्हिक व गेन्स यांचे भारविभागणी वर्गीकरण १९९४ मध्ये पुढे आले. मणक्याचा चुरा किती, तुकडे किती विखुरले आणि बाक किती अंशांनी सरळ केला, यांस प्रत्येकी १ ते ३ गुण. बेरीज ७ वा अधिक झाल्यास समोरूनही आधार द्यावा, असे सूत्र. पुढचा भाग पोकळ राहिला की भार स्क्रूंना वाकवू लागतो व अखेर धातू थकतो, हे तत्त्व निर्विवाद आहे.

मात्र या वर्गीकरणाचा पाया अवघ्या २८ रुग्णांचा. त्यांपैकी १० जणांचे स्क्रू मोडले होते. त्याहून गंभीर बाब तिसऱ्या निकषाची. बाक किती सरळ झाला, हे शस्त्रक्रियेनंतरच्या क्ष-किरणचित्रावरून ठरते. म्हणजे जो निर्णय आधी घ्यावयाचा, त्याचा एक आधार नंतर हाती येतो. छाती वा पोटाच्या बाजूने दुसरी शस्त्रक्रिया सोसणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा दोष किरकोळ नव्हे. मागील अस्थिबंधांची अवस्था तर या गुणांकनात येतच नाही.

पुढे मोडलेल्या मणक्यातही स्क्रू बसविण्याची पद्धत रुळली. तिने जोडणीचा ताठपणा वाढतो. ७ ची सीमारेषा मात्र केवळ वरच्या व खालच्या मणक्यास धरणाऱ्या जुन्या रचनेवर बेतलेली आहे.