नमद्यातून झिरपलेलं तेल

जुना फिल्टर काढला की मी तो लगेच टाकत नाही. रात्रभर एका चाळणीवर निथळत ठेवतो. सकाळी गच्चीत ऊन आलं की वर्तमानपत्र पसरतो, त्याचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा जाड थर, ब्लेडनं उभा चिरतो आणि पोथी उलगडावी तसा सपाट करतो. मग लोहचुंबक घेऊन बसतो. नवा फिल्टर कुठला घ्यायचा हे मी दुकानात ठरवत नाही, ते इथं गच्चीतच ठरतं.

गाडी १९७८ची बुलेट आहे. साडेतीनशे, लोखंडी सिलिंडर, गिअर उजव्या पायाला. हे इंजिन मुळात इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्याचं. १९४९मध्ये ते स्विंगआर्मच्या नव्या बुलेटमध्ये विक्रीला आलं, १९५५मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली, आणि रेडिचचा कारखाना बंद पडल्यावरही आपल्याकडे हे इंजिन काही दशकं बनत राहिलं. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०. लांब स्ट्रोकचं, जड फ्लायव्हीलचं, सावकाश बोलणारं इंजिन. त्याचा फिल्टर पारखायचा तर या सावकाशपणाचं भान आधी हवं.

तेलाची वाट बघा. या गाडीला तेलाची वेगळी टाकी दिसत नाही, कारण ती क्रँककेसच्या ओतीवातच, फ्लायव्हीलच्या मागे केलेली आहे. उजवीकडच्या टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप आहेत, दांड्यानं आतबाहेर होणारे. एक तेल पाठवणारा, दुसरा क्रँककेसमध्ये गळलेलं तेल उचलून टाकीत परत टाकणारा. परतीचा पंप जास्त ताकदीचा, म्हणजे तळाशी तेल साचत नाही. दोन्ही पंप एकाच वर्मवर चालतात आणि इंजिनाच्या फेऱ्यांच्या मानानं फार संथ फिरतात. (त्या वर्मच्या नटाचे आटे उलटे आहेत. हे माहीत नसलेल्या माणसाच्या हाती पाना देऊ नये.) पाठवणारा पंप तेल ढकलतो ते थेट याच कव्हरच्या खालच्या अंगाला असलेल्या आडव्या पोकळीत. तिथे आपला नमदा बसलेला असतो. त्यातून गाळलेलं तेल कव्हरच्या वाटेनं क्रँकच्या टोकाशी येतं, बुचाच्या एका छोट्या सीलमधून क्रँकच्या आत शिरतं, आणि क्रँकपिनमधल्या भोकातून बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या मोठ्या टोकाला मिळतं.

माझा जीव या शेवटच्या टप्प्यावर आहे. जुन्या बुलेटच्या बिग एंडला रोलर बेअरिंग नाही, फ्लोटिंग बुश आहे. तो क्रँकपिनवरही फिरतो आणि कनेक्टिंग रॉडच्या डोळ्यातही फिरतो. म्हणजे आत तेलाचा एक पापुद्रा, बाहेर दुसरा, आणि मधला बुश कुणालाच बांधलेला नाही. चालत्या इंजिनात तो कुठल्याच धातूला न टेकता तेलावर तरंगत असतो. मला यंत्रशास्त्रातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या सुंदर वाटतात. पण या सौंदर्याची अट कडक आहे. तेल सतत हवं, आणि स्वच्छ हवं. बुशावरचा व्हाइट मेटलचा थर मऊ असतो. खर आली की तो तिला पोटात घेतो, आणि मग तीच खर क्रँकपिनला कानशीसारखी घासत राहते. रोलर बेअरिंग थोडं उपाशी राहून दिवस काढतं. बुश तेवढी उसंत देत नाही.

म्हणून रेडिचच्या माणसांनी पंप आणि बुश यांच्या नेमक्या मध्ये नमदा ठेवला, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्याच पिढीतल्या ट्रायम्फ आणि बीएसएच्या नावाजलेल्या ट्विन गाड्या बघा. त्यांच्यात तारेच्या जाळ्या होत्या आणि क्रँकच्या पोटात गाळ साठवणारी नळी. इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय ती नळी साफ होत नाही. नॉर्टन कमांडोला काडतुसासारखा फिल्टर मिळायला १९७२ उजाडलं. होंडाच्या सीबी ७५०नं १९६९मध्ये इंजिनाच्या समोरच कागदी फिल्टर टांगला तेव्हा कुठे जगाला ही नेहमीची गोष्ट वाटू लागली. आपली एकसिलिंडरी, शेतावर दूध वाहणारी आणि चौकीसमोर उभी राहणारी बुलेट मात्र नमद्यातून गाळलेलं तेल आधीपासूनच पीत होती.

आता उन्हातला तो उलगडलेला नमदा. वाचताना एक लक्षात ठेवायचं की हा फिल्टर जाणाऱ्या तेलाच्या वाटेवर आहे. बिग एंडजवळ झडलेला कण आधी क्रँककेसमध्ये पडतो, परतीच्या पंपातून टाकीत येतो, टाकीतून पुन्हा उचलला जातो, आणि मग इथे अडकतो. एवढी फेरी करून आलेला तो साक्षीदार असतो. जड कण टाकीच्या तळाशीच बसतात, म्हणून ड्रेनबोल्टला लागलेला गाळही सोबत बघावा. आणखी एक सोय या जुन्या बांधणीत आहे. गिअरबॉक्सचं तेल निराळं, प्रायमरी चेनचं निराळं. त्यामुळे नमद्यावर क्लचची पूड येत नाही, गिअरच्या दातांचा चुरा येत नाही. जे दिसतं ते इंजिनाचंच.

चुंबकाला बारीक काळी लव चिकटली तर ते लोखंड आहे, रिंगांचं, सिलिंडरच्या भिंतीचं, टायमिंगच्या दातांचं. थोडी लव असणारच, मला तिची भीती वाटत नाही. पिवळसर चमक दिसली तर कनेक्टिंग रॉडच्या छोट्या टोकाच्या ब्रॉन्झ बुशकडे बघायचं. चुंबकाला दाद न देणारे, नखानं दाबले की पसरणारे करडे पापुद्रे दिसले, तर मात्र मी उठून हात धुतो आणि किक मारणं थांबवतो. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असेल किंवा बिग एंडचं व्हाइट मेटल. दोन्हींत नवा फिल्टर हे औषध नव्हे. यंदा माझ्या नमद्यात लव होती, काजळी होती आणि कडेला थोडा गॅस्केट-पेस्टचा लाल तुकडा होता. हा तुकडा माझ्याच हातचा. पेस्ट आतल्या बाजूला जास्त लागली की ती सुटून अशी फिरायला लागते, आणि तिला अडवायला नमदा नसता तर तिनं क्रँकपिनचं भोक गाठलं असतं.

मग नवा फिल्टर घ्यायला नाना पेठेतलं सुट्या भागांचं दुकान गाठतो. गाडीचं साल सांगितलं तरी दुकानदार एकदा विचारतोच, “कास्ट आयर्न का यूसीई, साहेब?” हा प्रश्न योग्य आहे. नव्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनाचा फिल्टर वेगळा, त्याची जागा वेगळी, आणि खोक्यावर नाव तेच असतं. मग काऊंटरवर दोन प्रकार येतात. नमद्याचा आणि घड्यांच्या कागदाचा. लोखंडी इंजिनाच्या त्याच पोकळीत बसणारा कागदी फिल्टरही मिळतो, आणि बरेच जण तोच घ्या म्हणतात, कारण तो अधिक बारीक गाळतो.

बारीक गाळतो हे खरं आहे. पण दोघांची गाळण्याची रीतच वेगळी आहे. कागद पृष्ठभागावर अडवतो. घड्यांमुळे थोड्या जागेत पुष्कळ पृष्ठभाग मिळतो. नमदा जाडीत अडवतो. लोकरीचे धागे दाबून एकमेकांत गुंतलेले, वाट कुठेच सरळ नाही. मोठा कण वरच थांबतो, लहान कण दोन वळणं घेऊन थांबतो, त्याहून लहान निसटूनही जातो. म्हणून नमदा एकदम तुंबत नाही, हळूहळू जड होतो. थंडीतल्या सकाळी २०डब्ल्यू-५० मिनरल तेल मधासारखं दाट असतं, पंप संथ असतो, आणि बुश वाट बघत असतो. अशा वेळी तेल पटकन सोडणारा नमदा मला या इंजिनाच्या स्वभावाचा वाटतो. कागद वापरणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. ज्याची गाडी रोज पळते, इंजिन गरम राहतं, आणि जो तेल वेळेवर बदलतो, त्याला कागदाचा खरा फायदा मिळतो. ज्यांनी बिग एंडला रोलर घातलाय त्यांचंही गणित बदलतं. माझी गाडी आठवड्यातून दोनदा निघते आणि तिच्यात अजून फ्लोटिंग बुश आहे. मी नमदाच घेतो.

पण नमदा म्हटला की सगळे सारखे नाहीत. खोक्यातून काढून तो उजेडाकडे धरावा. धाग्यांची दाटी सगळीकडे एकसारखी हवी, कुठे विरळ प्रकाश झिरपता कामा नये. अंगठ्यानं जरा चोळावा. बोटाला लव लागली तर तो परत द्यावा. सुटे धागे गाळण्याऐवजी स्वतःच बुशाकडे निघतील, मग अडवणार कोण? शिवण किंवा डिंकाची ओळ सलग आहे का, टोकाच्या पत्र्याच्या कडा धारदार राहिल्या नाहीत ना, आतली जाळी सुटी हलत नाही ना, हेही बघावं. शेवटी मी खिशातून व्हर्निअर काढतो. लांबी मिलिमीटरभर कमी असली तरी स्प्रिंगचा दाब कमी पडतो, आणि तेल नमद्यातून जाण्याऐवजी त्याच्या टोकाजवळून वाट काढतं. वरकरणी सगळं ठीक, आणि गाळणं मात्र बंद. दुकानदाराला या मोजमापाची आता सवय झाली आहे. तो दुसरं गिऱ्हाईक बघतो आणि मला वेळ देतो.

टोकाजवळून वाट काढण्याची गोष्ट मी अनुभवली आहे. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजात इंजिनकाम झालं. जुना नमदा काढताना त्याच्या टोकाला चिकटलेला छोटा वॉशर नमद्याबरोबरच कचऱ्यात गेला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. गाडी सुंदर चालली. हजारेक किलोमीटरनंतर खालून ठोका यायला लागला, मंद, लाकडावर मुठीनं ठोकल्यासारखा. कव्हर उघडलं तेव्हा नमदा जवळजवळ पांढराच होता. इतका स्वच्छ फिल्टर मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही पाहू नये. तेव्हापासून काढलेला प्रत्येक तुकडा, स्प्रिंग, टोपी, वॉशर, मी काढल्या क्रमानं एका कापडावर मांडतो आणि उलट क्रमानं आत घालतो.

नमदा धुवून पुन्हा वापरायचा का, हा आणखी एक जुना वाद. पूर्वीचे लोक पेट्रोलमध्ये धूत. फिल्टर दुर्मिळ आणि महाग होते तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. पण जाडीत अडकलेला बारीक कण धुतल्यावर पूर्ण निघतो असं मला गच्चीत कधी दिसलेलं नाही. धुतलेला नमदा चिरून बघा, आतल्या थरात करडी रेघ तशीच असते. आज नवा नमदा सहज मिळतो, मग मी धुतलेला घालत नाही. रिबोअर झालेल्या इंजिनाला तर पहिला नमदा ५०० किलोमीटरलाच काढतो, कारण नव्या रिंगा बसताना जी पूड निघते ती तिथेच असते.

घालताना आधी मी नमदा तासभर ताज्या तेलात भिजत ठेवतो. कोरा नमदा तेल पिऊन घेतो, आणि तेवढा वेळ बुशाला उपास पडतो. पोकळीही तेलानं भरून घ्यायची. झाकणाचा नट हलक्या हातानं, नवं फायबर वॉशर घालून. कव्हर ॲल्युमिनियमचं आहे, तिथले आटे एकदा गेले की हळहळ उरते. मग स्पार्कप्लग काढतो, टायमिंग कव्हरवरचा फीड प्लग थोडा सैल करतो आणि किकवर सावकाश पाय देत राहतो. पंप संथ आहे, घाई करून उपयोग नाही. आधी फीड प्लगच्या कडेला बुडबुडे येतात, फेस येतो. पंधरा-वीस किका होतात. मग फेस मागे सरतो आणि प्लगच्या खालून एकसंध, मधाच्या रंगाची धार उतरते. मी प्लग आवळतो.