‘आकृष्टिशक्ती’चा अर्थ : भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचे मराठी वाचन

प्रास्ताविक :

विज्ञान दिनाच्या निमित्ताने आपल्या जळगाव-धुळे परिसरातील महाविद्यालयांत जी व्याख्याने होतात, त्यांत एक विधान हमखास ऐकावयास मिळते. न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी, चाळीसगावजवळच्या पाटणच्या भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, हे ते विधान होय. भित्तिपत्रकांतून आणि स्मरणिकांतून तेच विधान शब्दाचाही फेरफार न होता छापले जाते. श्रोत्यांत काहींना त्याचा अभिमान वाटतो, काहीजण मनातल्या मनात हसतात. मूळ ग्रंथाचे पान मात्र या दोहोंपैकी कोणीच उघडत नाही. प्रस्तुत लेखात गोलाध्यायातील संबंधित विवेचन नेमके काय सांगते आणि त्याच्या मराठी वाचनात काय निसटते, याचा विचार केला आहे. मराठीच्या अध्यापकाने भौतिकीच्या प्रांतात का शिरावे, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर असे की, घोटाळा मुळात भाषेचा आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. गोलाध्याय हा त्याचा एक भाग. त्यांनी स्वतः सांगितलेले सह्याद्रीजवळचे ‘विज्जडविड’ हे गाव कोणते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत व ते येथे सोडविण्याचे प्रयोजन नाही. पाटणचा अधिकार दुसऱ्या आणि अधिक भक्कम पुराव्यावर उभा आहे. तेथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची आणि निकुंभ राजांनी त्यास दान दिल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. एका ग्रंथाच्या अभ्यासासाठी मठ आणि त्या मठासाठी राजाने दिलेले उत्पन्न, ही घटना जन्मस्थानाच्या वादापेक्षा मला कितीतरी मोलाची वाटते.

मूळ विवेचनाचा संदर्भ :

ज्या श्लोकाचा उल्लेख होतो, तो पडणाऱ्या फळाविषयी नाही. पृथ्वीला आधार कोणाचा, या वादात तो आला आहे. पृथ्वी कशावर तरी टेकलेली आहे असे मानले, तर त्या आधाराला दुसरा आधार लागतो, दुसऱ्याला तिसरा. ही मालिका कोठेच थांबत नाही. शेवटच्या आधाराला स्वतःची शक्ती मानावीच लागणार असेल, तर ती पहिल्यापासून पृथ्वीलाच का मानू नये, असे आचार्य विचारतात. त्यानंतर ते म्हणतात की, पृथ्वीच्या ठायी ‘आकृष्टिशक्ती’ आहे. आकाशातील जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि ती वस्तू पडत असल्यासारखी दिसते. सभोवती सर्वत्र सारखेच आकाश असताना स्वतः पृथ्वीने पडावे तरी कोठे?

येथे ‘पडणे’ या क्रियेचा कर्ताच बदलला आहे. दगड पडत नाही, तो ओढला जातो. पडणे हा पाहणाऱ्याचा अनुभव आहे. ‘खाली’ म्हणजे पृथ्वीच्या केंद्राकडे, त्यामुळे गोलाच्या पलीकडच्या बाजूची माणसेही आपल्यासारखीच सुखाने उभी असतात, हेही आचार्य सांगतात. बाराव्या शतकातील हा विचार असामान्य आहे व त्यासाठी त्याला न्यूटनच्या खांद्यावर बसविण्याची गरज नाही.

कारण न्यूटनने १६८७ मध्ये जे सांगितले, ते वेगळे आहे. त्याच्या नियमात दगडही पृथ्वीला तितक्याच बलाने ओढतो. अंतर दुप्पट झाले की हे बल चौथाईवर येते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६० भू-त्रिज्या दूर, म्हणून त्याचे पृथ्वीकडे ‘पडणे’ येथील दगडाच्या ३६०० पट मंद; हा हिशेब निरीक्षणाशी जुळतो. गोलाध्यायात ओढ एकतर्फी आहे, तिला माप नाही, आणि ग्रहांना फिरविण्याचे काम ‘प्रवह’ वायूकडेच राहिले आहे. ही उणीव दाखविल्याने आचार्य लहान होतात असे ज्यांना वाटते, त्यांनी आचार्यांना मोठे मानण्याचे कारण एकदा तपासून पाहावे.

एका शब्दाचा इतिहास :

आपल्या भाषांतरांत ‘आकृष्टिशक्ती’च्या जागी बिनदिक्कत ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द येतो आणि सिद्ध करावयाची गोष्ट भाषांतरातच सिद्ध होऊन बसते. वस्तुतः या जोडशब्दात दोन निरनिराळ्या उपपत्ती एकत्र बांधल्या आहेत. वैशेषिक दर्शनात ‘गुरुत्व’ हा पडणाऱ्या वस्तूचाच गुण. आधार सुटला की त्या गुणामुळे ती पडते, कोणी ओढावे लागत नाही. ‘आकर्षण’ ही मात्र पृथ्वीची क्रिया. भास्कराचार्य शक्ती पृथ्वीकडे देतात, वैशेषिक कारण वस्तूत शोधतात. आधुनिक मराठीने दोन्ही एका समासात घातले आणि हा जुना मतभेद आपल्या कानाआड गेला. योगायोग असा की, न्यूटनच्या नियमाला हा समास दोहोंपेक्षा अधिक शोभतो.

प्रयोगाची बाजू :

पृथ्वी सतत खाली पडत आहे, या बौद्धांच्या मताचे खंडन करताना आचार्य विचारतात की, वर फेकलेली जड वस्तू परत भूमीवर येताना दिसते, तरी असे मत कसे धरता? या युक्तिवादाला जड वस्तू अधिक वेगाने पडते या समजुतीचा टेकू देता येतो. ग्रीक ज्योतिषी टॉलेमीने अशाच प्रश्नात तो दिला होता. पृथ्वी सर्वांत जड, म्हणून ती पुढे निघून जाईल आणि बाकीच्या वस्तू मागे राहतील, असा तो विचार. गॅलिलिओनंतर हा टेकू निखळला. हलकी-जड वस्तू, हवेचा अडथळा वगळता, सारख्याच पडतात. मग आचार्यांचा आक्षेपही कोसळला काय?

तो कोसळत नाही. पृथ्वी आणि दगड सारख्याच त्वरेने पडत असते, तर वर फेकलेला दगड मिळालेल्या वेगाने दूर जातच राहिला असता. तो परतला नसता. तळाशी छिद्र पाडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरावे. बाटली हातात आहे तोवर धार लागते. दुसऱ्या मजल्यावरून ती सोडली की पडत असेपर्यंत धार थांबते, कारण बाटली आणि पाणी बरोबरच पडत असतात आणि एकाला दुसऱ्यापुढे जाण्याचे कारण उरत नाही. पृथ्वी पडत असती तर आपण सारे त्या बाटलीतले पाणी झालो असतो. हा प्रयोग कोणत्याही महाविद्यालयाच्या जिन्यात विनाखर्च होतो. तो पाहिलेल्या विद्यार्थ्याला गोलाध्यायातील तो प्रश्न पाठ करावा लागत नाही. विज्ञान शाखेतील सहकाऱ्यांनी आणि आम्ही भाषेच्या लोकांनी एकत्र येऊन शिकविण्याजोगा हा पाठ आहे.

याच ग्रंथातील यंत्राध्याय मात्र गौरवपर व्याख्यानांत येत नाही. त्यात एका बाजूला ‘धीयंत्र’ आहे : हातातील काठी रोखून वेळूचा शेंडा आणि बुंधा पाहावा व त्यावरून त्याची उंची सांगावी. साधनांचा पसारा कशाला, बुद्धी हेच यंत्र, असा त्यामागील आत्मविश्वास. दुसऱ्या बाजूला आपोआप फिरणारे चाक आहे. हलक्या लाकडाच्या चाकाला पोकळ, किंचित वाकलेले आरे लावावेत, ते पाऱ्याने अर्धे भरून तोंडे बंद करावीत; असे चाक स्वतःच फिरत राहते, असे आचार्य सांगतात. ते फिरत राहत नाही. एका पूर्ण फेऱ्यात पारा जितका खाली येतो तितकाच त्याला वर चढवावा लागतो, आणि आसाचे घर्षण आपला वाटा घेतेच. अशाच चाकाची कल्पना तेराव्या शतकातील युरोपातही रेखाटलेली आढळते. सायकलच्या जुन्या चाकाला आठ अर्धवट भरलेल्या नळ्या बांधून पाहिले, तर ते थोडे फिरते, मागेपुढे डुलते आणि थांबते.

आकृष्टिशक्तीचा विचार आणि न फिरणारे चाक ही दोन्ही एकाच ग्रंथातली, एकाच लेखणीची. चांगदेवांच्या मठात अध्ययन नेमले होते ते या संपूर्ण ग्रंथाचे. आपण निवडक एका श्लोकाची स्मरणिका करतो आणि उरलेला ग्रंथ कपाटात ठेवतो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ मधील भारतीय ज्योतिषशास्त्राच्या मराठी इतिहासाचीही बहुतेक ग्रंथालयांत तीच गत आहे. ज्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ मूळ साधने जपून आहे, त्या परिसरात ही उदासीनता अधिकच खटकते.