जब्याची गैरहजेरी

'फँड्री' मी पहिल्यांदा मोबाइलवर पाहिला, हॉस्टेलच्या गच्चीवर, रेंज येते त्या कोपऱ्यात बसून. तोवर त्याच्याबद्दल इतकं वाचलं होतं की शेवटचा दगड कुठे येणार हे पाठ होतं. मी थांबलो ते मात्र दगडाच्या आधीच.

डुक्कर कोंडीत सापडलंय आणि शेजारच्या शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. मग घरचेही. डुक्कर निसटतं. या प्रसंगावर राष्ट्र आणि जात या अंगांनी भरपूर लिहिलं गेलंय, ते बरोबरच आहे. मला दिसत होता तो शाळेच्या वेळेला भिंतीबाहेर असलेला पोरगा. हजेरीत तो नाही, तरी गीत लागताच अंग आपोआप ताठ होतं. ते अंग अजून विद्यार्थ्याचं आहे.

मी बीडकडचा. घरचे ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर आमचा वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. तिकडे हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती टनावर फेडायची. आठ-नऊ वर्षांचा मी फडात वाढं गोळा करायचो, पाणी आणायचो, धाकटीला सांभाळायचो. त्यामुळे आईचे हात मोकळे राहायचे आणि दिवसाला चार मोळ्या जास्त बांधून व्हायच्या. माझं काम टनात मोजलं गेलं, माझं नाव कुठेच नव्हतं. मला कामावर ठेवणारा असा कुणी नव्हताच ना!

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफच्या 2024 च्या अंदाजानुसार जगात 13.8 कोटी मुलं मजुरी करतात, त्यातली 61 टक्के शेतीत. मासेमारी आणि गुरं राखणंही त्यातच धरलेलं. बहुतेक ठिकाणी मालक म्हणजे आई-बापच. आपल्याकडे 2016 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी घातली, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्यांना 'मदत' करायची मोकळीक ठेवली. आता फडात शाळा सुटते कधी, हे कुणी सांगावं? कोपीपासून शाळा कुठे आहे हेच आम्हाला माहीत नसायचं.

'फँड्री' त्याच्या दोन वर्षं आधीचा, पण ही 'मदत' दिसते कशी ते त्यात आहे. नागराज मंजुळे बापाला खलनायक करत नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. किशोर कदमांचा कचरू पोरावर खेकसतो, पण मुलीच्या लग्नाला पैसे हवेत आणि हे काम एकट्याने होत नाही. चार हात कमी पडले की पाचवा हात पोराचाच.

एक तक्रार आहे. बहिणीही त्याच डुकरामागे धावतात. त्यांची शाळा कधी सुटली, हे सिनेमा विचारत नाही. शाळेतल्या पोरांनी बघितलं म्हणून लाज जब्याची, कॅमेराही त्याच्याच तोंडावर. माझ्या धाकटीला सांभाळायला मी होतो. पुढे मी हॉस्टेलला आलो, तेव्हा वाढं गोळा करायला ती होती.

परवा सुट्टीत आईला सिनेमा दाखवला. राष्ट्रगीताला मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. डुक्कर निसटलं तशी ती हळहळली.

"गेलं की रे हातचं," म्हणाली. "आता परत तेवढंच पळावं लागंल लेकरांला."