कुठल्या माणसानं बनवलेलं? : ‘ह्यूमन मेड’च्या कपड्यांविषयी

आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात जपानी जॅकेटचं काय काम? माझं उत्तर साधं आहे. ज्या कपड्याच्या पट्टीवर ‘ह्यूमन मेड’, म्हणजे ‘माणसानं बनवलेलं’, असं लिहिलेलं असतं, त्यानं आपल्याला एक प्रश्न आधीच घालून ठेवलाय. आपण तो फक्त गंभीरपणे घ्यायचा.

आधी थोडी माहिती. निगो या नावानं ओळखले जाणारे तोमोआकी नागाओ यांनी १९९३ साली टोकियोच्या हाराजुकू भागात ‘अ बेदिंग एप’ हा ब्रँड सुरू केला. ज्याला आज जगभर स्ट्रीटवेअर म्हणतात, त्याला आकार देणाऱ्या मोजक्या लोकांत त्यांची गणना होते. २०१० साली त्यांनी ‘ह्यूमन मेड’ सुरू केला, आणि २०२१ मध्ये केन्झो या पॅरिसच्या फॅशनगृहाचे ते कलादिग्दर्शक झाले. पण माझ्या मते त्यांची खरी ओळख संग्राहकाची आहे. जुने अमेरिकन कपडे त्यांनी वर्षानुवर्षं जमवले. टोकियोतल्या बुन्का या संस्थेत ते शिकले, तिच्याच संग्रहालयात २०२२ साली त्या संग्रहाचं प्रदर्शनही भरलं. ‘भविष्य भूतकाळात आहे’ हे ‘ह्यूमन मेड’चं बोधवाक्य.

आता हा भूतकाळ कुणाचा? तर अमेरिकेतल्या रेल्वे कामगारांचा, खाणकामगारांचा, शेतकऱ्यांचा, गॅरेजमधल्या मेकॅनिकचा. युद्धानंतर, १९४५ ते १९५२ या काळात, अमेरिकन फौजा जपानमध्ये होत्या. त्यांचे वापरलेले कपडे टोकियोच्या उएनोजवळच्या अमेयोकोसारख्या बाजारात विकले जात. जेत्यांचे उतरवलेले कपडे ही जपानी तरुणांची जीनशी पहिली गाठ. पुढे त्याच जपाननं हे कपडे कसे विणायचे, कसे शिवायचे, हे इतक्या बारकाईनं शिकून घेतलं, की जुन्या पद्धतीची डेनिम म्हटलं की आज जाणकार ओकायामाकडे बघतात.

न्यायदर्शनातल्या सोळा पदार्थांत ‘प्रयोजन’ हा एक पदार्थ आहे. ज्या हेतूनं माणूस कृतीला प्रवृत्त होतो, ते प्रयोजन. कामाच्या कपड्यात प्रयोजन टाक्याटाक्यात दिसतं. खिशात वजन पडलं की कोपरा उसवायचा. म्हणून जेकब डेव्हिस या शिंप्यानं तिथं तांब्याचे रिव्हेट ठोकले आणि १८७३ साली लेव्ही स्ट्राउसच्या जोडीनं त्याचं पेटंट घेतलं. ती काही नक्षी नव्हती.

उलटंही एक उदाहरण बघा. लेव्हीजच्या मागच्या खिशावर धाग्याची दुहेरी कमान असते. ती निव्वळ शोभेची. दुसऱ्या महायुद्धात धागा वाचवायचा म्हणून ती शिवायला बंदी आली, तेव्हा कंपनीनं ती रंगानं काढली. आज काही जपानी उत्पादक त्या युद्धकाळातल्या जीनची हुबेहूब प्रतिकृती करतात, आणि कमान रंगानंच काढतात. ज्या युद्धामुळे हा धागा वाचवावा लागला, त्यात जपान समोरच्या बाजूला होता! टंचाईची खूण आता चोखंदळपणाची खूण झाली. कृती तीच राहिली, प्रयोजन बदललं.

याला कुणी नक्कल म्हणेल. मी म्हणणार नाही. ‘ह्यूमन मेड’ तर हुबेहूब प्रतिकृतीच्या वाटेलाही जात नाही. जुना काट, जुनं कापड घ्यायचं आणि त्यावर लाल हृदय, बदक, वाघ अशी खेळकर चित्रं टाकायची. मी १९४० सालचा आहे अशी बतावणी तो कपडा करत नाही. हा त्याचा प्रामाणिकपणा मला आवडतो.

माझी अडचण पट्टीवरच्या त्या दोन शब्दांशी आहे.

जुन्या अमेरिकन ओव्हरऑलवर पुष्कळदा ‘युनियन मेड’ असं लिहिलेलं सापडतं. अर्थ असा, की हे शिवणारे हात संघटित आहेत आणि त्यांची मजुरी वाटाघाटीनं ठरलेली आहे. दुसऱ्या कामगारानं विकत घेताना ती खूण बघावी, अशी अपेक्षा असे. शिवणारा आणि घालणारा, दोघंही कष्टकरी, आणि त्या चिमूटभर कापडावर त्यांची भेट व्हायची.

पण लगेच हळवं होऊ नका. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात ‘गोऱ्या मजुरांनी बनवलेलं’ ही जाहिरातीची ओळ होती. लेव्हीजनंही ती वापरली. रोख चिनी कामगारांवर होता. १८८२ साली तर चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदाच झाला. म्हणजे ‘कुणी बनवलं’ हे सांगणारी पट्टी कुणाला तरी हाकलूनही देत होती.

आता ‘ह्यूमन मेड’ हे शब्द पुन्हा वाचा. एकेकाळी आशियाई हातांना नाकारून जे कपडे विकले गेले, त्यांचा आशियाई वारसदार म्हणतो, ‘माणसानं बनवलेलं’. यातून कुणालाच वगळलेलं नाही. असं नाव ठेवताना निगोंच्या मनात काय होतं, हा मुद्दाच नाही. इतिहासासमोर धरलं की ते शब्द मोठे होतात, हे मला मान्य करावंच लागतं.

आणि तेच शब्द पोकळही होतात. कारण शिवणयंत्रापुढे आजही माणूसच बसतो. दोन बाह्या जुळवून सुईखाली सरकवणं हे काम मुख्यतः हातांचंच राहिलं आहे. सगळ्यात स्वस्त टी-शर्टही ‘ह्यूमन मेड’च असतो! मग हे नाव वेगळं काय सांगतं? ‘युनियन मेड’मधून काही विचारता येत होतं : कुठली युनियन, किती मजुरी? ‘माणूस’ या शब्दाला असा प्रश्न चिकटत नाही. तो सगळ्यांना सामावून घेतो आणि एकाचंही नाव घेत नाही. शिवाय आता घालणारा बहुधा खाणीत उतरत नाही. त्यामुळे पट्टीवरची ती भेटही संपली.

इंग्रजीतला ‘डंगरी’ हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून, तिथं मिळणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून गेला, असं शब्दकोश सांगतात. जागेचं नाव उरलं. ते कापड विणणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. म्हणजे हे विस्मरण काही जपानचंच नाही.

म्हणून माझा निवाडा असा. हे कपडे चांगले आहेत आणि त्यांच्यामागचं प्रेम खरं आहे. पण भविष्य भूतकाळात आहे असं म्हणणाऱ्यानं भूतकाळातून टाका, बटण, काट उचलला, तसं कामगाराचं उत्तरदायित्वही उचलायला हवं होतं. ‘माणसानं बनवलेलं’ हे वाक्य मला अर्धं वाटतं. कुठल्या माणसानं, किती तासांत, किती मोबदल्यात, हे पुढे लिहिलं तर ते पूर्ण होईल.

इथे थांबतो. घरी गेल्यावर अंगातल्या सदऱ्याची पट्टी एकदा उलटून बघा आणि तिच्यावर काय लिहिलेलं नाही, ते पुढच्या वेळी मला सांगा.