वाट पाहणं कुणाला परवडतं?

परदेशातल्या कुठल्याही दुकानात बिस्किटाचा पुडा उलटा करून बघा, पामतेल सापडायची शक्यता मोठी. त्या झाडांवरच्या किडींचा विषय निघाला की एका जुन्या पुस्तकाकडे जावंच लागतं: ब्रायन वुड यांचं 'पेस्ट्स ऑफ ऑइल पाम्स इन मलेशिया अँड देअर कंट्रोल', १९६८.

वुड यांचा मुद्दा आजही पक्का आहे. मलायातल्या मळ्यांवर डीडीटी, एन्ड्रिनसारखी बराच काळ टिकणारी औषधं फवारली, आणि बॅगवर्म कमी व्हायच्या ऐवजी उसळला. ही अळी पानांच्या तुकड्यांची पिशवी विणून आत राहते, त्यामुळे बरीचशी बचावते. तिच्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या मात्र उघड्यावर असतात, त्या मरतात. म्हणून वुड सांगतात: आधी मोजा, थांबा, मित्रकीटकांना काम करू द्या, अगदीच गरज पडली तर निवडक औषध वापरा.

शास्त्र म्हणून हे उत्तम. पण हा सल्ला कुणासाठी आहे? पुस्तक काढलं मळेवाल्यांच्याच संस्थेनं. हजारो एकर जमीन आणि झावळ्यांवरच्या अळ्या मोजायला पगारी माणसं, असा वाचक त्यात गृहीत आहे. आज इंडोनेशियात ऑइल पामचं साधारण ४० टक्के क्षेत्र छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. दोन हेक्टरवाल्यानं नेमानं अळ्या मोजल्या, तरी शेजारच्या शेतातून वाऱ्यावर येणाऱ्या अळीला बांध कुठे कळतो? झावळ्या खाल्ल्या गेल्या की उत्पन्नाची घट पुढची दोनेक वर्षं पुरते. मळा ती पचवतो. कर्ज काढलेलं घर कसं पचवणार?

नंतरचे उपाय चांगलेच आहेत. बांधावर टर्नेराची फुलं लावली की गांधीलमाश्यांना मध मिळतो. बीटी हे जिवाणूंचं औषध मित्रकीटकांना जवळपास धक्का लावत नाही, पण ते कोवळ्या अळ्यांवरच नीट चालतं. वेळ चुकली की पैसे वाया. शिवाय उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत साधा पंप पोचत नाही. मग खोडाला भोक पाडून मोनोक्रोटोफॉससारखं विष भरायची वाट सोपी वाटते. हे नाव तुम्हाला यवतमाळच्या २०१७ च्या विषबाधांच्या बातम्यांमधून आठवत असेल.

म्हणून वुड जरूर वाचा, पण त्यात नसलेलं प्रकरण मनात ठेवून: गावानं मिळून अळ्या मोजणं, एकाच आठवड्यात सगळ्यांनी औषध मारणं, आणि थांबल्यामुळे पीक गेलं तर भरपाई कोण देणार हे आधीच ठरवणं. एवढं झाल्याशिवाय छोट्या शेतकऱ्याला 'थांब' म्हणणं म्हणजे आपली जोखीम त्याच्या गळ्यात बांधणं.