आशाताईंवर प्रबंध लिहिताय? आधी होकशिल्ड शेवटपर्यंत वाचा

सेवाक्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांचं स्वास्थ्य हा सध्या पीएचडीसाठी आवडता विषय आहे. 'भावनिक श्रम' ही संकल्पना घ्यायची, तयार प्रश्नावली उचलायची, दोन-तीनशे जणांकडून भरून घ्यायची आणि सहसंबंध काढून मोकळं व्हायचं, ही वाट आता चांगलीच मळलेली आहे. याच वाटेनं भंडारा जिल्ह्यातल्या आशा स्वयंसेविकांपर्यंत गेलो तर काय हाती लागेल आणि काय निसटेल, ते बघू.

संकल्पना आर्ली होकशिल्ड यांची. 'द मॅनेज्ड हार्ट' हे त्यांचं पुस्तक १९८३ चं. त्यात मुख्यतः डेल्टा एअरलाइन्सच्या हवाईसुंदरी आहेत, आणि दुसऱ्या टोकाला थकीत पैसे वसूल करणारे. एकीनं प्रवाशाला प्रसन्न ठेवायचं, दुसऱ्यानं कर्जदाराला धाकात ठेवायचं. दोघांचीही भावना कंपनीच्या कामाला जुंपलेली. हसू नुसतं चेहऱ्यावर आणणं वेगळं आणि मनालाच तसं वळवणं वेगळं, हा त्यांचा भेद प्रसिद्ध आहे. प्रश्नावल्या बहुतेक तेवढाच मोजतात.

पण होकशिल्ड भावनिक श्रमाच्या नोकरीसाठी तीन अटी सांगतात. लोकांशी थेट, समोरासमोर किंवा आवाजातून संपर्क हवा. समोरच्याच्या मनात एखादी भावना निर्माण करणं हा कामाचा भाग हवा. आणि तिसरी अट म्हणजे मालकाचं त्या भावनांवर नियंत्रण हवं, प्रशिक्षणातून किंवा देखरेखीतून. डॉक्टर, वकील, समाजसेवक यांच्या डोक्यावर असा देखरेख करणारा बसलेला नसतो, हेही त्या स्वतःच नोंदवतात. आपले प्रबंध पहिल्या दोन अटींवर थांबतात आणि तिसरी गृहीत धरतात. माझी तक्रार इथे आहे.

आता आशाताईंकडे या. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झालं, तेव्हा साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असं ठरलं. ती त्याच गावची रहिवासी हवी. कागदोपत्री ती कर्मचारी नाही, मानद स्वयंसेविका आहे. तिला कामागणिक मोबदला मिळतो. म्हणजे 'मालक कोण' या प्रश्नालाच सरळ उत्तर नाही. मग तिच्या भावनांवर नियंत्रण कुणाचं?

मला दोन उत्तरं दिसतात. पहिलं, गावाचं. समजा, लाखांदूर तालुक्यातल्या एखाद्या गावात धानाची रोवणी चालू आहे. दिवसभर बाया बांधीत, म्हणून आशाताईला भेटीला जायचं तर सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला. ज्या घरात जायचं तिथली बाळंतीण नात्यानं तिची पुतणसून, सासू म्हणजे रोजची शेजारीण. विमानातली प्रवासी दोन तासांनी उतरून जाते. ही शेजारीण उद्या विहिरीवर भेटणारच आहे. होकशिल्ड घरात केलेलं भावनांचं काम आणि पगारासाठी विकलेले भावनिक श्रम यांत रेघ मारतात. या गावात ती रेघ कुठे मारायची, सांगा.

दुसरं उत्तर, मोबदल्याच्या फॉर्मचं. गृहआधारित नवजात बालक काळजी हा कार्यक्रम घ्या. त्याची पाळंमुळं शेजारच्या गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामात आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशानं ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, आईला समजावायचं. २०११ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या सगळ्याचे मिळून २५० रुपये होते. ते मिळण्याच्या अटींत वजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी होती. आणि आई-बाळ ४२ व्या दिवसापर्यंत सुखरूप असावेत, हीसुद्धा होती. या शेवटच्या अटीवर थांबा. बाळ दगावलं, तर त्या घरी रडणाऱ्या आईजवळ बसणं हे आशाताईचं सगळ्यात जड काम. त्यासाठी फॉर्मात रकानाच नाही. इथे नियंत्रण 'असं हस' म्हणत नाही. काय मोजायचं आणि काय सोडायचं, एवढंच ते ठरवतं.

म्हणून तयार प्रश्नावली धोक्याची. 'या कामातून मला समाधान मिळतं' या वाक्यापुढे पुष्कळ ताया 'पूर्ण सहमत' लिहितील, आणि ते खरंही असेल. पण ते समाधान 'स्वास्थ्य उत्तम' या खात्यात टाकलं की झालं! सेवाभाव आहे ना, मग मानधन कमी चालेल, हा जुना युक्तिवाद आपल्याच तक्त्यातून पुन्हा उभा राहतो. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, ऑक्टोबर २०२३ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा. कामाचं समाधान आणि संप एकाच बाईच्या आयुष्यात शेजारी-शेजारी असतात. तुमच्या साधनात दोन्हीला जागा नसेल तर दोष साधनाचा.

मग होकशिल्ड टाकून द्यायच्या का? अजिबात नाही. 'ही भावना कुणाची, आणि तिचा फायदा कुणाला?' हा त्यांचा मूळ प्रश्न भंडाऱ्यातही तितकाच धारदार आहे. फक्त तो विचारायची जागा बदलते. तिथे प्रशिक्षण केंद्र होतं. इथे मोबदल्याचा तक्ता, मोबाइलमधलं नोंदीचं ॲप आणि गटप्रवर्तकांची मासिक बैठक आहे.

विषय ठरवत असाल तर एवढं करा. संकल्पनेच्या मूळ अटी कागदावर लिहा आणि तुमच्या क्षेत्रात कुठली अट लागू पडत नाही ते खूण करा. तुमचा संशोधन प्रश्न बहुधा तिथेच असतो. प्रश्नावलीआधी फॉर्म, परिपत्रकं, मोबदल्याचे तक्ते वाचा. तेही पुरावेच आहेत. आणि मुलाखतीत 'ताण येतो का?' याऐवजी विचारा, 'ताई, या महिन्यात असं कोणतं काम केलं जे कुठेच लिहिता आलं नाही?' उत्तराला वेळ लागेल. घाई करू नका, पेन खाली ठेवून ऐका.