‘जोगवा’ : देवीचा मान आणि इच्छेचे दमन

समाज व्यक्तीच्या इच्छांचे दमन निषेधाने करतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. राजीव पाटील दिग्दर्शित ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट या समजुतीला छेद देतो. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा आधार असलेल्या या चित्रपटात दमन घडते ते मान देऊन. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा विचार करावयाचा आहे.

संस्कृतीची उभारणी सहजप्रेरणांच्या त्यागावर होते, हे फ्रॉइडने १९३० मध्ये मांडले. १९५५ मध्ये मार्क्यूजने त्यात एक महत्त्वाचा भेद केला. सहजीवनासाठी अपरिहार्य असलेले दमन वेगळे आणि विशिष्ट वर्चस्व टिकविण्यासाठी लादलेले ‘अतिरिक्त दमन’ वेगळे. सुलीच्या केसांतील जट हा देवीचा कौल ठरतो व तिला यल्लम्माला सोडले जाते. तायप्पाला लुगडे नेसवून जोगता केले जाते. यातून सहजीवनाची कोणतीही गरज भागत नाही. म्हणून हे दमन अतिरिक्तच होय.

परंतु ते टिकते कसे? सत्ता केवळ नकार देत नाही, ती व्यक्तीला घडविते, हे फूकोचे प्रतिपादन (१९७६) येथे उपयुक्त ठरते. जोगत्याला वेश, परडी आणि जोगवा मागण्याचा अधिकार मिळतो. लोक त्याच्या पाया पडतात आणि त्याची चेष्टाही करतात. संसाराचा हक्क मात्र काढून घेतला जातो. मानाविरुद्ध तक्रार करणे हे मनाईविरुद्ध बंड करण्यापेक्षा कठीण असते. महाराष्ट्राने २००५ च्या अधिनियमाने देवदासी प्रथेच्या निर्मूलनाची तरतूद केली. तथापि कायदा प्रथेला बंदी घालू शकतो, देवीच्या कोपाची भीती काढू शकत नाही.

चित्रपटाची मर्यादाही येथेच नोंदविली पाहिजे. तायप्पाची मुक्ती लुगडे टाकून पुरुषत्व परत मिळविण्यात दाखविली आहे. त्याच्यावर वेश लादलेला असल्याने हे कथेच्या दृष्टीने सुसंगत आहे. मात्र ज्या जोगप्पांना स्त्रीवेश हीच आपली ओळख वाटते, त्यांच्या इच्छेला या शेवटात स्थान उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांचा आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केल्यानंतर ही उणीव अधिक ठळकपणे जाणवते.

सारांश, वेश कोणता यापेक्षा तो कोणी ठरविला, हा खरा प्रश्न आहे. ‘जोगवा’ हा प्रश्न समर्थपणे उभा करतो. त्याचे उत्तर मात्र अर्धेच देतो.